पाकळी बारावर

फोन वाजला तेव्हा घड्याळवालीच्या टेबलावर एक मनगटी घड्याळ पोट उघडं टाकून पडलं होतं. तिच्या उजव्या डोळ्याला भिंग होतं आणि चिमट्यात कणीएवढा स्क्रू. असल्या वेळी ती देवाचाही फोन उचलत नसे. पण हा धाकट्या भावाचा होता, आणि धाकटा स्वतःहून कधी फोन करत नसे. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यानं त्याचा उजवा हात नेला होता आणि जीभ जड करून ठेवली होती.

"ताई," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता श्वास. "निम्मेशेठ म्हणतो… आपली कॅसेट नकली आहे."

"भाव पाडायला म्हणत असेल. त्याच्या म्हणण्याला काय किंमत?"

"भाव नाही पाडला. माझा फोटो… भिंतीवर लावलाय."

घड्याळवालीनं स्क्रू काचेच्या झाकणाखाली ठेवला, दाराला 'आलेच' अशी पाटी अडकवली आणि चपला पायात सरकवल्या.

कॅसेट म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमची. तळहाताएवढी, प्लास्टिकच्या कवचातली, मशीनच्या खाचेत खुपसायची. धाकट्यानं पंचवीस वर्षं असली मशीनं आणि असल्या कॅसेटी दुरुस्त केल्या होत्या. त्यानं असली म्हटलं की असली, एवढा त्याचा शब्द चाले. त्याच्या स्वतःच्या संग्रहात मोलाची चीज एकच होती, सात किल्ल्यांची एक जुनी मोहीम. तिच्या मोजक्याच प्रती निघाल्या होत्या आणि हौशी लोक तिच्यासाठी वाटेल ती किंमत द्यायला तयार असत. पण दोन हातांचा खेळ एका हातानं खेळता येईना, तेव्हा त्यानं ती विकायची ठरवली. त्यातून एक टेबल आणि एक तपासणीचं मशीन घ्यायचं, ताईच्या दुकानाच्या रिकाम्या कोपऱ्यात मांडायचं आणि वर पाटी लावायची, 'जुन्या गेमची खरी किंमत सांगितली जाईल.' त्या धंद्याला हात लागत नाही. डोळे लागतात, आणि नाव लागतं.

आता ते नावच भिंतीवर गेलं होतं.

निम्मेशेठ हे गल्लीनं ठेवलेलं नाव. कुणी काहीही विकायला आणलं की तो बाजारभावाच्या निम्म्यावर बोट ठेवायचा. मग एखादा ओरखडा शोधून त्या निम्म्याचं निम्मं करायचा. लोक शिव्याही देत आणि मालही देत, कारण जुन्या गेमचं दुसरं दुकान जवळपास नव्हतं. खऱ्या किमतीची पाटी लागली तर पहिला तोटा कुणाचा, हे घड्याळवालीला रस्ताभर आठवत राहिलं.

दुकानात शिरल्या शिरल्या फोटो दिसला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'यांच्याकडून माल घेऊ नये.' फोटोत धाकटा हसत होता. सोमवारी कॅसेट भाव ठरवायला ठेवताना पावतीसाठी म्हणून काढलेला फोटो तो.

तिनं आरडाओरडा केला नाही. आधी दुकान नीट बघितलं. मालकाच्या मागे काचेचं कपाट. एका बाजूला गिऱ्हाइकांना गेम खेळून बघायची काचेची खोली. दाराजवळ लोखंडी टोपली, तिच्यात एका जुन्या सालच्या फुटबॉलच्या कॅसेटी रचलेल्या. त्या साली तो खेळ घरटी एक विकला गेला होता आणि आता घरटी एक परत येत होता. फुकट दिला तरी कुणी नेत नसे. आतल्या दारावर पाटी होती, 'नोकरांनी जाताना खिसे उलटे करून दाखवावेत. नोकरांची खरेदी फक्त शनिवारी, मालकासमोर, बिल करून.' दुकानात नोकर एकच होता, पण पाटी अनेकवचनी होती.

"सोमवारी आम्ही कॅसेट दिली," तिनं निम्मेशेठला विचारलं. "त्यानंतर कुणाकुणाच्या हातात गेली?"

"कुणाच्याही नाही. कपाटात होती. किल्ली माझ्या कमरेला."

"मग नकली आहे हे कपाटानं सांगितलं?"

निम्मेशेठ चरफडला. "मंगळवारी दुपारी दातांच्या डॉक्टरांनी बघितली. त्यांना घ्यायची होती. त्या काचेच्या खोलीत पाऊण तास खेळले आणि परत दिली. बुधवारी पारख्याला तपासायला दिली. आज सकाळी त्यानं सांगितलं."

"बुधवारी दिली आणि गुरुवारी सांगितलं? एवढा वेळ?"

उत्तर पारख्यानं दिलं. दुकानातला एकुलता एक नोकर तो. आलेला माल लावून बघायचा, उघडून बघायचा आणि दर्जा ठरवायचा, हे त्याचं काम. पस्तिशीचा, मऊ बोलणारा. पूर्वी सहा वर्षं तो धाकट्याच्या हाताखाली होता. धाकटा आजारी पडल्यावर इथे लागला.

"मला पटेचना, ताई," तो खाली बघत म्हणाला. "मास्तरांची वस्तू. काल दिवसभर लावून बघितली. रंग फिके येतात, आवाज फाटतो. न सांगून कसं चालेल?"

"उघडून बघितलीस?"

"गरज नाही पडली. पडद्यावरच कळतं."

"मला पडद्यातलं कळत नाही," घड्याळवाली म्हणाली. "मला पोट उघडल्यावर कळतं. आणा इकडे."

निम्मेशेठनं कपाट उघडून कॅसेट काउंटरवर ठेवली. तिनं ती पालथी केली. मागे दोन स्क्रू होते. या कॅसेटींच्या स्क्रूला सरळ खाच नसते, तीन पाकळ्यांचं फूल असतं. दोन्ही फुलांची एक एक पाकळी बरोबर वर होती, घड्याळात बारा वाजतात तिकडे.

हे तिच्या आणि धाकट्याच्या वडिलांचं वळण होतं. वडीलही घड्याळं दुरुस्त करायचे. स्क्रू आवळून झाला की त्याची खाच बारा-सहावर सरळ उभी करायची, असा त्यांचा नेम होता. त्यानं घड्याळ काही चांगलं चालत नाही. पण पुढच्या वेळी उघडताना कळतं, मध्ये परका हात येऊन गेला की नाही. धाकट्यानं तेच आपल्या धंद्यात नेलं. खाच नव्हती म्हणून तो पाकळी बारावर ठेवायचा.

पारखी हळूच म्हणाला, "पाकळ्या बघताय ना, ताई? बारावर आहेत. मास्तरांशिवाय असं कोण बसवतं?"

तिनं पर्समधून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि कवच उघडलं. आतल्या बाजूला सुईनं कोरलेली तारीख होती, अकरा वर्षांपूर्वीची, धाकट्याच्या हातची. त्या दिवशी त्यानं आतला सेल बदलला होता. खेळ जिथे थांबवला ती जागा कॅसेट त्या सेलवरच लक्षात ठेवते. कवच त्याचंच होतं, शंकाच नको.

आतलं सर्किट मात्र त्याचं नव्हतं. कोरं करकरीत, हलकं, सेलच नसलेलं. तिनं डोळ्याला भिंग लावलं. काठावर तीळभर आकडे छापलेले होते. त्यात साल होतं, यंदाचं.

म्हणजे निम्मेशेठ खोटं बोलत नव्हता.

"पटलं ना?" निम्मेशेठ म्हणाला. "कवच तुमच्या भावाचं, आतली तारीख तुमच्या भावाची, पाकळ्या तुमच्या भावाच्या. आता चोर कोण हे मी सांगू?"

"हे सर्किट यंदा बनलंय. माझ्या भावाचा हात दोन वर्षांपूर्वी गेला."

"त्याचा गेला. तुमचे तर दोन्ही शाबूत आहेत. पाकळ्या तुम्हालाही बसवता येत असतील."

दोन गिऱ्हाइकं मागे उभी राहून ऐकत होती. निम्मेशेठचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघा बाई, मी काही राक्षस नाही. कवच असली आहे, त्याचे चार पैसे देतो. महिन्याभरानं फोटोही काढतो. विषय संपवा."

"म्हणजे कवच तुम्हाला आणि कलंक आम्हाला," घड्याळवाली म्हणाली. "छान वाटणी आहे. ही कॅसेट अशीच्या अशी कपाटात ठेवा. विषय तुम्ही काढलात, संपवणार मी."

घरी धाकटा खिडकीशी बसला होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं एकच विचारलं.

"पाकळी बारावर होती?"

"होती."

त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. "मग मीच केलं असेल, ताई. झटक्यानंतरचे महिनेच्या महिने… मला आठवत नाहीत. कुणाला काय दिलं, काय उघडलं. माझ्या डोक्याचा… मलाच भरवसा नाही."

घड्याळवालीला तेव्हा जो राग आला तो निम्मेशेठवर आला होता त्याच्या दसपट होता. फोटो भिंतीवरून काढता येतो. हे कुठून काढायचं?

तिनं एक फुटकी कॅसेट, तीन पाकळ्यांचा एक स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्यासमोर ठेवला. "बसव."

"ताई…"

"बसव म्हणते ना!"

त्यानं डाव्या हातानं स्क्रू उचलला. भोकात ठेवला, तो आडवा झाला. पुन्हा ठेवला. स्क्रूड्रायव्हर टेकवताच कॅसेट सरकली आणि स्क्रू टुणकन उडून कपाटाखाली गेला. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा त्यानं स्क्रूड्रायव्हर भिंतीवर फेकला. "झालं समाधान? लुळ्या माणसाची… परीक्षा घेतेस?"

"हो, घेतली. आणि तू नापास झालास. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. यंदाचं सर्किट यंदा बसवावं लागतं, आणि यंदा तुला एक स्क्रू बसवता येत नाही. डोक्याचा भरवसा नसेल तर नसू दे. हाताचा ठेव."

धाकटा वाकला आणि कपाटाखालचा स्क्रू डाव्या हातानं चाचपू लागला.

शुक्रवारी सकाळी ती दातांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर जुन्या गेमचे वेडे. दवाखान्याच्या कपाटात औषधं कमी आणि कॅसेटी जास्त. तिला बघून ते कसनुसे झाले.

"मंगळवारी तुम्ही आमची कॅसेट बघितलीत."

"बघितली."

"खोलीत एकटेच होतात?"

"एकटाच. पण काचेतून निम्मेशेठची नजर होती हो! आणि मी दात काढतो, स्क्रू नाही."

"रंग कसे होते?"

"चांगले होते." डॉक्टरांनी मान खाली घातली. "खरं सांगू? मला तरी असलीच वाटली. पण ते नकली म्हणाले तेव्हा मी गप्प बसलो. वीस वर्षं मी जाणकार म्हणून मिरवतो. नकली ओळखता आली नाही असं चारचौघांत कसं सांगू?"

"चालू केल्यावर काय दिसलं? अगदी पहिल्यापासून सांगा."

"नाव दिसलं, मग जुना खेळ दिसला. कुणीतरी शेवटच्या किल्ल्याच्या दारापर्यंत जाऊन थांबलं होतं. तिथूनच मी पुढे खेळलो."

घड्याळवाली हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "डॉक्टर, जुना खेळ लक्षात ठेवायला आत सेल लागतो. कपाटातल्या नकली सर्किटात सेलच नाही. तुमची पारख चुकली नव्हती. मंगळवारी ती असलीच होती."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं.

"उद्या सकाळी दुकान उघडायला तिथे या," ती म्हणाली. "आणि जे मला सांगितलंत ते मोठ्यानं सांगा."

शनिवारी निम्मेशेठनं शटर वर केलं तेव्हा बाहेर तिघं उभे होते. घड्याळवाली, तिच्या खांद्याचा आधार घेतलेला धाकटा आणि डॉक्टर. पाठोपाठ सुट्टीची चार-सहा गिऱ्हाइकं आत आली. पारखी आपल्या टेबलाशी निघाला होता. धाकट्याला बघून त्यानं लगबगीनं खुर्ची पुढे केली.

"बसा, मास्तर."

घड्याळवाली कुणाशी काही न बोलता दाराजवळच्या टोपलीकडे गेली. तिनं ती उचलून काउंटरवर ठेवली आणि फुटबॉलच्या कॅसेटी एक एक काढून पालथ्या मांडायला लागली. ओळीत सहा, खाली पुन्हा सहा.

"अहो बाई, हे काय मांडलंय?" निम्मेशेठ ओरडला.

"गिऱ्हाईक आहे मी. माल बघतेय. बघायचे पैसे पडतात का?"

चौतीस कॅसेटी झाल्या. तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्या ओळीपासून एकेक बघत गेली. तळाशी असलेल्यांपैकी एकीवर तिचं बोट थांबलं. ती तिनं उचलली नाही, नुसती वळली.

"डॉक्टर, मंगळवारी कॅसेटमध्ये काय दिसलं ते सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. मोठ्यानं, आणि जरा ऐटीतच.

"म्हणजे मंगळवारी दुपारी कॅसेट असली होती," घड्याळवाली म्हणाली. "माझ्या भावानं असली दिली. गुरुवारी सकाळी ती नकली झाली. मधल्या काळात ती या दुकानाबाहेर गेली नाही. बदलली ती इथेच, आणि बदलणारे हात दोघांपैकी एकाचे."

"माझ्यावर आळ घेताय?" निम्मेशेठ लाल झाला.

"घ्यायचा होता. मनापासून घ्यायचा होता. माझा भाऊ खरी किंमत सांगायला बसला तर तुमचं निम्म्यावर बोट कसं चालणार? पण एक गोष्ट आडवी आली. ती पाटी." तिनं आतल्या दाराकडे बोट केलं. "तुम्ही मालक. तुम्हाला या दुकानातून काही न्यायचं तर कोण अडवणार? सर्किट खिशात घालून तुम्ही मंगळवारीच घरी गेला असतात. पण खिसे उलटे करून दाखवावे लागणाऱ्या माणसाला ते जमत नाही. त्यानं सर्किट चोरलं तरी बाहेर कसं न्यायचं? बाहेर न्यायचा रस्ता एकच. शनिवारी, मालकासमोर, बिल करून."

आता सगळे पारख्याकडे बघायला लागले. पारखी मात्र कॅसेटींच्या ओळींकडे बघत होता, आणि नेमका एकाच जागी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

"बिल करायला वस्तू हवी," ती पुढे म्हणाली. "अशी वस्तू, जी स्वस्तात मिळेल आणि शनिवारपर्यंत दुसरं कुणी चुकूनही नेणार नाही. मी गुरुवारी हे दुकान बघितलं तेव्हा असा माल एकच होता. सर्किट लपवायला दुसऱ्या कॅसेटच्या पोटासारखी जागा नाही. पण चौतीस पोटं उघडायची कशाला? बाहेरून बघितलं तरी कळतं. या सगळे जवळ. हे स्क्रू बघा."

गिऱ्हाइकं पुढे झाली. डॉक्टर तर जवळजवळ काउंटरवर चढले.

कारखान्यातून निघालेल्या कॅसेटी त्या. एकीची पाकळी दोनवर, दुसरीची साडेतीनवर, तिसरीचे दोन स्क्रू दोन दिशांना. ज्याला जसं थांबावंसं वाटलं तसा तो थांबलेला. आणि तेहतीस बेशिस्त कॅसेटींमध्ये एक होती, जिची दोन्ही फुलं ताठ उभी होती. पाकळी बारावर.

धाकट्याच्या तोंडून एक अस्पष्ट आवाज निघाला.

"पाकळी काय, कुणीही बारावर ठेवेल," पारखी म्हणाला. त्याचा मऊ आवाज आता कोरडा पडला होता. "योगायोग असेल."

"गुरुवारी तू काय म्हणालास ते आठवतं? 'मास्तरांशिवाय असं कोण बसवतं?' मी रात्रंदिवस त्याचाच विचार करतेय. असं बसवणारे जगात तीन. एक माझा भाऊ, त्याला आता स्क्रू धरवत नाही. दुसरी मी, पण सोमवारनंतर थेट गुरुवारपर्यंत मी या दुकानाची पायरीही चढले नव्हते. तिसरा तो, ज्याला माझ्या भावानं सहा वर्षं बोटं धरून शिकवलं." तिनं कॅसेट उचलली. "मास्तरांच्या कवचात नकली सर्किट घातल्यावर तू पाकळी बारावर ठेवलीस. ती तुझी अक्कल. उघडलेली कळू नये म्हणून, आणि आळ मास्तरांवर जावा म्हणून. पण फुटबॉलच्या कॅसेटला कोण बघणार होतं? तिथे तशी ठेवायची काहीच गरज नव्हती. ती तुझी सवय. जित्याची खोड आहे ती, चोरी करतानाही गेली नाही."

तिनं दोन्ही स्क्रू काढले आणि कवच उघडलं. आत जुनं, जाड, पिवळट सर्किट होतं. त्यावर घड्याळातला गोल सेल, वडिलांच्या खणातली पितळी पट्टी वाकवून बसवलेला. काचेच्या खोलीतल्या मशीनला लावल्यावर पडद्यावर शेवटच्या किल्ल्याचं दार आलं.

मग पारखी भिंतीला टेकला आणि बोलायला लागला, आणि एकदा लागल्यावर थांबेना.

"नकली सर्किट दुकानातल्याच खोक्यातलं आहे, नकली निघालेला माल टाकतात त्या. बुधवारी टेबलावर बदललं, दोन मिनिटांचं काम. आणि काय चुकलं हो? तसाही निम्मेशेठनं मास्तरांना काय दिलं असतं? निम्म्याचं निम्मं! रोज माझ्या तोंडून चांगल्या मालाला वाईट म्हणवून घेतो. लोकांचा माल मातीमोल करायचा आणि त्याचं कपाट भरायचं. एक वस्तू माझ्याकडे आली तर काय बिघडलं?"

"तो लुटतो म्हणून तू कुणाला लुटलंस?" घड्याळवालीनं विचारलं. "त्याला? त्याचं तर काहीच गेलं नाही. ज्यानं हातात विद्या दिली त्याचंच नाव भिंतीवर चढवलंस. गुरूची विद्या गुरूला!"

पारखी धाकट्याकडे बघायचं टाळत होता.

निम्मेशेठला मात्र हायसं वाटलेलं दिसत होतं. "म्हणजे मी निर्दोष. मी तर आधीपासून म्हणत होतो…"

"तुम्ही चोर नाही, एवढंच," ती गर्रकन वळली. "डॉक्टरांना एक फोन केला असतात तरी कळलं असतं. पण फोटो लावायची तुम्हाला घाई झाली होती. आता उठा. स्वतःच्या हातानं तो फोटो काढा."

"काढतो की, दुपारी…"

"आत्ता. एवढ्या लोकांसमोर लावलात, एवढ्याच लोकांसमोर काढा."

निम्मेशेठ स्टुलावर चढला आणि त्यानं फोटो काढला. एक कोपरा भिंतीला चिकटून राहिला, तोही तिनं नखानं खरवडायला लावला.

"पोलिसांना बोलवू?" डॉक्टरांनी विचारलं.

"बोलवा," धाकटा म्हणाला. सगळ्यांनी वळून बघितलं, कारण सकाळपासून तो बोलला नव्हता. तो पारख्याकडे बघत होता. "तू हात चोरलास माझा. पैशाचं नाही… दोन दिवस मला वाटलं, मीच चोर. माझं डोकं मला चोर म्हणत होतं. ते मी… सोडणार नाही."

मग त्यानं काउंटरकडे मान केली. "ताई, कवच दे."

निम्मेशेठनं कपाटातली कॅसेट काढून दिली. नकली सर्किट बाजूला काढून तिनं असली सर्किट त्याच्या जुन्या कवचात ठेवलं, अकरा वर्षांपूर्वीच्या तारखेवर. दोन्ही हातांनी कवच घट्ट धरलं. धाकट्यानं डाव्या हातानं स्क्रू उचलला. शुक्रवारचा अख्खा दिवस त्यानं डाव्या हातानं स्क्रू बसवण्यात आणि कपाटाखाली गेलेले शोधण्यात घालवला होता. आज स्क्रू भोकात उभा राहिला. त्यानं सावकाश फिरवला, पुन्हा फिरवला, आणि थांबला.

पाकळी बाराच्या थोडी पुढे गेली होती. घड्याळवालीचं बोट आपोआप सरळ करायला पुढे आलं.

"ताई, हात काढ."

"एकवर गेलीय रे."

"जाऊ दे. बारा… राहू दे त्यालाच." त्यानं दुसरा स्क्रू घेतला, आवळला आणि मुद्दाम, नेम धरून, त्याचीही पाकळी एकवर आणून थांबवली. "माझी पाकळी आता एकवर. हे कुणाला… शिकवलेलं नाही."

घड्याळवालीनं भिंग डोळ्याला लावल्यासारखं केलं आणि त्याआड डोळे पुसले.

डॉक्टर खाकरले. "मग, किंमत काय म्हणालात?"

धाकट्यानं आकडा सांगितला. पूर्ण, बाजारात चालतो तो, आणि एकदाही न अडखळता. निम्मेशेठचं बोट सवयीनं वर झालं, तोंड उघडलं, "निम्म्यात…" असा शब्दही निघाला. दुकानातले सगळे एकदम त्याच्याकडे वळले. त्यानं बोट खिशात घातलं.

"दिले," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात घड्याळांच्या दुकानावर दुसरी पाटी लागली. 'जुन्या गेमची खरी किंमत सांगितली जाईल.' खाली खूण म्हणून तीन पाकळ्यांचं एक फूल काढलं होतं. पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक वर बघून म्हणालं, "अहो, पाटीवरचं फूल जरा तिरकं लागलंय."

"बरोबर लागलंय," घड्याळवाली आतून म्हणाली. "माल आत आणा."